अँटेना धरणारी आत्या

रविवार, सकाळचे दहा. स्थळ आखाडा बाळापूर. हजर: मी, अँटेना आत्याची सून वंदना आणि टीव्ही न्यायला आलेला भंगारवाला. गैरहजर: आत्या. तिला जाऊन महिना झाला.

आत्या माझी सख्खी नव्हे, गल्लीची. गल्लीतला पहिला टीव्ही तिचा, पण तिने तो धड पाहिलाच नाही. चित्र हललं की ती माळवदावर चढायची आणि अँटेनाचा दांडा धरून उभी राहायची. दांड्याला दगड लावा असं कुणी सुचवलं तर म्हणायची, "दगडाला कळतंय का, वारं कुठून येऊन राहिलं?" खालून मी ओरडायची, "आलं, आलं! हलू नको, आत्या!" मग ती अर्धा तास हलत नसे.

रविवारी सकाळी अंतराळयानाची एक मालिका लागायची. तिचा भाग संपला की आत्या पायरीवर बसायची. "हां, सांग आता." सांगायचं काम माझं, कारण मी वहीत मुद्दे लिहून ठेवायची. तिचे प्रश्न भलतेच असत. यान ताऱ्यांकडे निघालं की, "एवढ्या लोकाच्या भाकरी कोण थापतंय?"

एका रविवारी अंतराळातल्या एका मुलाचा भाग लागला. वय सतरा, ताकद अफाट, अक्कल लहान लेकराची. ज्याच्यावर रुसेल तो माणूस जागीच नाहीसा. कुणी हसलं, गायब. खेळात हरवलं, गायब. मी अगदी रंगवून सांगितलं. मला तो मुलगा फार आवडला होता.

"अन् त्याला बस कर म्हणाया कुणीच न्हाई?"

"म्हणणाराच गायब होतो ना!"

आत्या घोटभर पाणी प्याली. "तुझी सुरेखा दिसंना काहून?"

तेव्हा मी नववीत मॉनिटर होते. गुरुजी बाहेर गेले की बोलणाऱ्यांची नावं लिहायची. ते परतले की त्या नावांना छड्या. सुरेखा माझ्याच बाकावरची. माझ्या नव्या चपलांना हसली म्हणून मी तिचं नाव ओळीने पाच दिवस लिहिलं. ती अवाक्षर बोलली नव्हती. सहाव्या दिवसापासून ती शाळेत आलीच नाही. हे मी आत्याला जरा ऐटीतच सांगितलं.

"म्हंजी तूबी तसलीच की गं," आत्या म्हणाली. "फकस्त तुला उडाया जहाज न्हाई." आणि पायरीवरून उठताना, "उद्या जा. तिच्या बापासमोर सांग, पोरगी बोलली नव्हती म्हणून."

मी वहीत लिहून घेतलं. आधीची नऊ कामं होती, म्हणून हे दहावं. नऊ संपेपर्यंत आठवडा गेला. तोवर बापाने सुरेखाची शाळा बंद करून तिला मावशीकडे धाडलं होतं.

पुढे मी हिंगोलीत नोकरीला लागले. बाळापूरला आले की आत्या चहाआधी विचारायची, "दहावं झालं का?" रागावली कधीच नाही. शेवटच्या भेटीत आवाज फुटत नव्हता, तर हातांची दहा बोटं वर केली.

आज वंदनाने आणि मी अँटेना उतरवली. दांडा आत्याच्या मुठीच्या जागी अजून गुळगुळीत आहे. तो भंगारात दिला नाही.

"ताई, तेराव्याला तुमी निघून गेल्यावर सुरेखाबाई आल्त्या," वंदना सहज म्हणाली. "नरसीला प्रसादाचं दुकान हाय त्यांचं. तुमचं इचारत होत्या."

नरसी माझ्या हिंगोलीच्या घरापासून जेमतेम अर्ध्या तासावर.

टीव्ही गेला, खोली झाडून झाली. मी वही काढली आणि सुरेखाचं नाव पुन्हा एकदा लिहिलं. या वेळी सगळ्यात वर. नावापुढे काम झाल्याची खूण अजून करायची आहे.