शाल नको, नंबर द्या

माझा सत्कार ठरलाय हे मला फ्लेक्सवरून कळलं. रविवारची धाव संपली की आमचा गट ज्या हॉटेलात मिसळ खायला बसतो, त्याच्या पत्र्यालाच तो बांधला होता. माझा फोटो, फोटोमागे उगवता सूर्य आणि खाली ठळक अक्षरांत, 'धावण्याच्या क्षेत्रातील प्रदीर्घ वाटचालीबद्दल आदरणीय बाईंचा कृतज्ञतापूर्वक सत्कार'. फोटो शाळेच्या गॅदरिंगमधला, नऊवारीतला होता. सात वर्षं मी या लोकांबरोबर ट्रॅक पँट घालून पळतेय, पण फ्लेक्सवर यांना मी नऊवारीत हवी होते. वय एक्कावन्न, आणि सहा महिने यांच्यात पळायला आले नव्हते. एवढ्यावर यांनी मला पोचवायची तयारी केली होती.

पलूसजवळच्या एका गावात मी गणित शिकवते. त्यामुळे शाळेत, गावात आणि गटातही मला सगळे बाईच म्हणतात. गटात नऊ पुरुष आणि मी. गट काढला तो फौजेतून निवृत्त झालेल्या एका सुभेदारांनी. ऊसतोडीच्या दिवसांत डांबरी रस्त्यावर ट्रॉल्यांमुळे पाय ठेवायला जागा नसते, म्हणून आम्ही कृष्णेच्या कालव्याकडेच्या मातीच्या रस्त्यावर पळतो. किती किलोमीटर झाले ते प्रत्येकाने सकाळी सातच्या आत मोबाइलवर गटात लिहायचं. त्याला हजेरी म्हणतात. ज्याला दुखापत झाली त्याच्या नावापुढे सुभेदार 'गॅरेजमध्ये' असं लिहितात. लिहिताना सगळ्यांना गंमत वाटते. आपल्या नावापुढे ते आलं की वाटत नाही.

दुखापतीत दोष माझा होता, कबूल आहे. पळणाऱ्या माणसांना एक रोग असतो. घड्याळात आकडा पूर्ण झाल्याशिवाय त्यांना थांबता येत नाही. फेब्रुवारीतला रविवार होता. दोन आठवडे उजवी नडगी ठणकत होती आणि मी तिला बाम चोळून गप्प बसवत होते. घराच्या गेटाशी पोचले तेव्हा घड्याळात एकोणीस पूर्णांक सात होते. शहाणं माणूस आत जाऊन चहा पितं. मी उरलेले तीनशे मीटर भरून काढायला आमच्याच गेटासमोर येरझाऱ्या घालायला लागले. आमचे हे अंगणात ट्रॅक्टर धूत होते. तिसऱ्या फेरीला त्यांनी पाइप बाजूला धरून विचारलं, "गेट सापडंना व्हय?" मी घड्याळ बघत पुढच्या फेरीला वळले. शेवटच्या वळणावर नडगीत असं काही झालं की डोळ्यांपुढे पांढरं झालं. घड्याळात वीस दिसले आणि मी तिथेच रस्त्यावर बसले. ह्यांनी मला उचलून घरात नेलं. लग्नातही उचललं नव्हतं.

मिरजेतल्या डॉक्टरांनी सांगितलं, हाडाला बारीक तडा गेलाय, सहा आठवडे विश्रांती. सहा आठवडे मी घेतली. मग पुन्हा दाखवायला गेले तर म्हणाले, "छान भरलंय. आता चाला रोज. पळणं बास. या वयात कुणाला दाखवायचंय?"

त्या प्रश्नाचा मला इतका राग आला की परतीच्या एसटीत मी शेजारच्या बाईशीसुद्धा धड बोलले नाही. कुणाला दाखवायचंय म्हणजे काय? मी चाळिशीच्या पुढे, सगळ्यांची हसणी ऐकत पळायला शिकले. पहिलं वर्षभर तर ओढणी सावरत पळायचे. उसाच्या फडातनं बायका उभ्या राहून बघायच्या आणि विचारायच्या, बाई, कोण मागं लागलंय? कुणाला दाखवण्यासाठी हे कुणी करत नाही. मला पळायला आवडतं. एवढं एक वाक्य एक्कावन्न वर्षांच्या बाईनं म्हटलं की लोक पुढच्या वाक्याची वाट बघतात. पुढचं वाक्य नाहीये.

मग मी सांगलीला एका फिजिओथेरपिस्टकडे गेले. मुलगी माझ्या लेकीच्या वयाची. तिने एक्स-रे बघितला, मला एका पायावर उभं केलं, आणि मी चार सेकंदांत कलंडले तशी म्हणाली, "काकू, पाय मोडणारच होता." मला ती ताबडतोब आवडली. म्हणाली, "मी सांगेन तसं करायचं, आणि मी सांगेन तेवढंच. जास्त केलंत तर परत येऊ नका."

चार महिने मी तिचं ऐकलं. पायरीवर उभं राहून टाचा वर-खाली. कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत एका पायावर. स्टाफरूममध्ये वह्या तपासतानाही एका पायावर उभी राहायचे. शाळेत सगळे मला बगळा म्हणायला लागले, म्हणोत. जूनमध्ये तिने पहिल्यांदा एक मिनिट पळायला सांगितलं. एक मिनिट पळणं, चार मिनिटं चालणं. शाळा सुटल्यावर, मैदान रिकामं झाल्यावर मी ते एक मिनिट पळाले आणि स्वच्छतागृहात जाऊन रडले. आनंदाने रडले, त्यात लपवण्यासारखं काही नाही.

हे मी गटात लिहिलं नाही. 'एक मिनिट' असं लिहिलं असतं तर कुणीतरी हसणारं तोंड टाकलं असतं आणि मी त्याला आयुष्यभर माफ केलं नसतं. त्यामुळे गटाचा समज झाला की बाईंचं संपलं. इथे थोडी चूक माझीही आहे. पण थोडीच.

तर तो फ्लेक्स. टेबलावर ताटात शाल आणि नारळ. सुभेदारांनी भाषण केलं. बाई आपल्या प्रेरणास्थान आहेत, बाईंनी आता आपल्याला वरून मार्गदर्शन करावं. 'वरून' म्हणाले. मी अजून ऐकून घेत होते. मग ते म्हणाले की साताऱ्याच्या शर्यतीला बाईंनी जानेवारीतच गटामार्फत नाव घातलं होतं, तो नंबर वाया जाऊ नये म्हणून आपल्या नव्या सदस्यांना दिलाय. फलटणहून बदलून आलेला बँकेतला एक गृहस्थ उठला. त्याच्या हातात माझ्या नावाचा, माझ्या नंबरचा छापील कागद होता. शर्यतीच्या आदल्या दिवशी तो कागद दाखवला की साताऱ्यात छातीवर लावायचा नंबर मिळतो. गृहस्थ वाकून माझ्या पाया पडला आणि म्हणाला, "तुमच्या आशीर्वादानं पळीन."

पळणाऱ्यांत हा उद्योग सर्रास चालतो. नियमात बसत नाही, पण जागा लवकर भरतात, मग आजाऱ्याचा नंबर धडधाकट माणूस लावतो. नंबरावरच्या, वेळ मोजणाऱ्या चिपमध्ये मात्र मूळ माणूसच असतो.

मी विचारलं, "तुम्ही पन्नाशीवरच्या बायकांच्या गटात पळणार?"

गृहस्थाने कागद पुन्हा वाचला. हे त्याच्या लक्षातच आलं नव्हतं. कुणाच्याच आलं नव्हतं.

"चांगले पळालात तर बक्षीसही लागेल. व्यासपीठावर नऊवारी नेसून जा, फोटो फ्लेक्सवर आहेच."

हॉटेलवाला हसला. बाकी कुणी हसलं नाही. सुभेदार शालीची घडी उलगडत पुढे आले. मी मागे सरकले.

"शाल नको," मी म्हटलं. "नंबर द्या."

"आवं बाई, हट्ट बरा न्हवं. हाड पुन्यांदा मोडलं म्हंजी?"

"माझं हाड आहे."

"थांबायला लाज कसली? मी न्हाई व्हय रिटायर झालो फौजेतनं?"

"तुम्हाला फौजेनं नियमाप्रमाणे सोडलं. मला तुम्ही कोणत्या नियमानं सोडताय ते सांगा, मी लगेच शाल घेते."

त्यांनी शालीची घडी पुन्हा घातली. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, घाबरल्यासारखं काहीतरी होतं. मला वाटलं, माझ्या आवाजाला घाबरले. गृहस्थाने कागद माझ्या हातात दिला आणि वर नारळही दिला. नारळ मी ठेवून घेतला. दुसऱ्या दिवशी आमटीत घातला.

शर्यतीला तीन आठवडे उरले होते. फिजिओकडे गेले. साताऱ्याची ही शर्यत म्हणजे शहरातून निघून यवतेश्वरचा घाट चढायचा, वर पठारावरून वळायचं आणि त्याच रस्त्याने खाली यायचं. एकवीस किलोमीटर. ती म्हणाली, "चढावर थोडं पळा, थोडं चाला. उताराला हाडावर मार बसतो. उतार पूर्ण चालायचा. एक पाऊलही पळायचं नाही." मी तिच्यासमोरच आकडेमोड केली. चढ असा, उतार तसा, की ठरलेल्या वेळेच्या वीस मिनिटं बाहेर जात होते. ती म्हणाली, "मग वेळेबाहेर जा." गणिताच्या बाईला एवढं सोपं उत्तर सुचलं नव्हतं.

ह्यांनी पहाटे जीपमधून मला साताऱ्याला सोडलं. वाटेत एकच वाक्य बोलले, "मी काय बोलत न्हाई." आणि खरंच बोलले नाहीत.

झिमझिम पाऊस होता. पहिल्या किलोमीटरला सगळा गट माझ्यापुढे निघून गेला. बँकवाला गृहस्थ आला नव्हता. घाटात दोन मिनिटं पळत, तीन मिनिटं चालत मी चढले. नडगी शांत होती. वळणाच्या जागी पोचले तेव्हा घड्याळ बघितलं, वेळेत होते. खाली सातारा धुक्यात गेलेला आणि रस्ता उताराचा. पाय आपोआप पळायला मागत होते. पळाले असते तर आरामात वेळेत पोचले असते, पदक मिळालं असतं, आणि सत्कारवाल्यांची तोंडं बंद झाली असती. आयुष्यात एवढा मोह मला सोन्याच्या दुकानातही झालेला नाही.

मी चालले. सत्तरीचे आजोबा पुढे गेले. साडी नेसून पळणाऱ्या दोघी पुढे गेल्या. एक माणूस मोबाइलवर बोलत बोलत पुढे गेला. प्रत्येक जण म्हणत होता, "कम ऑन काकू, आता उतार आहे!" प्रत्येकाला मी मनात उत्तर दिलं. ती उत्तरं इथे लिहिण्यासारखी नाहीत.

शेवटी मागून बस आली. वेळेत न बसणाऱ्यांना ती उचलून घेते. दारात रेनकोटमधली एक मुलगी उभी होती.

"काकू, वेळ संपली. बसा वर."

"चालायला बंदी आहे का?"

"बंदी नाही, पण आता रस्ता गाड्यांना उघडणार. तुमची जबाबदारी आमच्यावर येते."

मी छातीवरचा नंबर काढला. चारही पिना नीट काढून, घडी घालून तिच्या हातात दिला. "झाली तुमची जबाबदारी कमी. आता मी रस्त्यानं जाणारी एक बाई आहे." ज्या नंबरासाठी भांडले तो दिला याचं मला अजिबात वाईट वाटलं नाही. त्याचं काम झालं होतं. बसमधली माणसं काचेतून बघत होती. एकाने तर हात जोडले. बस गेली.

उरलेले दोन किलोमीटर मी दुधाच्या गाड्या आणि काससाठी निघालेल्या पर्यटकांच्या मोटारींच्या कडेकडेने चालले. शेवटच्या रेषेवरची कमान उतरवून ट्रकमध्ये घालत होते. मी ती रेषा ओलांडली तेव्हा एक कामगार म्हणाला, "मावशी, बाजूला व्हा." निकालात माझ्या नावापुढे वेळ लागली नाही. पण हाड शाबूत होतं, एकवीस किलोमीटर पायांखालून गेले होते, आणि दुसऱ्या दिवशी मी पुन्हा मैदानावर जाऊ शकणार होते. मला दुसरा दिवस हवा होता. तो मिळाला.

हे जीप आणायला गेले होते. गट केव्हाच नाश्त्याला गेला होता. फक्त सुभेदार फुटपाथवर बसून होते, गळ्यात पदक. मला बघून उठले, ते शेजारचा लोखंडी खांब धरून उठले. दोन पावलं चालत माझ्याकडे आले तर उजवा पाय फरफटत होता. ही चाल मी चांगली ओळखते. चार महिने आरशात बघितलीय.

"बाई, त्या सांगलीच्या डाक्टरीनबाईचा पत्ता द्या."

"कुणासाठी?"

त्यांनी आजूबाजूला बघितलं. "गुडघा. दीड वर्स झालं. उतरताना डोळ्यात पानी येतंय बगा."

"दीड वर्ष? अहो, रोज दहा किलोमीटरची हजेरी लावताय की!"

"त्यातलं निम्मं चालतोय. कालव्याच्या पुलापलीकडं, कुनाला दिसत न्हाई तिकडं." मग आवाज अगदी खाली आणून म्हणाले, "गटात बोलू नगासा. माझाबी सत्कार करतील."

साठीतला, गळ्यात पदक घातलेला तो माणूस शाळेतल्या पोरासारखा माझ्याकडे बघत होता. हॉटेलात मला दिसलेली ती भीती माझ्या आवाजाची नव्हतीच.

"करू देत की," मी म्हटलं. "मी येते. आणि शाल तुमच्या खांद्यावर पडायच्या आत ओढून घेते."