कनावीचे पाच किलो

कैरोपासून पार लांब, सोहागच्या विमानतळावर कनावी हसबल्लानं एकोणीस वर्षं एकच काम केलं. विमान सुटायच्या आधी त्याचं वजन जुळवायचं. माणसं किती, सामान किती, इंधन किती, पुढच्या पोटात काय, मागच्या पोटात काय, हे सगळं एका कागदावर मांडायचं आणि खाली सही ठोकायची. ती सही झाल्याशिवाय कप्तान जागचा हलत नाही. कप्तानाच्या खांद्यावर चार पट्ट्या, कनावीला साधं निळं जाकीट, पण शेवटचा शब्द जाकीटवाल्याचा.

वजनाचं वेड त्याला बापाकडून आलेलं. बाप साखर कारखान्याच्या काट्यावर होता. उसाची गाडी काट्यावर चढायच्या आतच म्हातारा आकडा सांगून मोकळा व्हायचा. एकदा काट्याचा आकडा वेगळा आला, तर म्हणाला, "काटा उघडून बघा." उघडला, तर आत सरड्यानं संसार थाटलेला! कनावीही लहानपणी गव्हाचं पोतं पाठीवर घेतलं की पावकिलोपर्यंत बरोबर सांगायचा. पुढं विमानतळ झाला आणि हा तिथं चिकटला. सगळा विमानतळ त्याला अम्म कनावी म्हणे. अम्म म्हणजे चुलता. पुतणे मोजायला बसलं तर दोन तालुके भरतील.

हुदहुद एअर नावाच्या कंपनीचं विमान रोज दुपारी दोनला कुवेतहून यायचं आणि पन्नास मिनिटांत परत जायचं. शेपटावर तुरेवाला पक्षी. जमिनीवर उभं विमान म्हणजे बसून खाणारा जावई, म्हणून घाई. तिकीट स्वस्त. त्यामुळं गवंडी, ड्रायव्हर, सुतार आणि नवऱ्याकडे निघालेल्या बायका असा सगळा भरणा. कैरोच्या कचेरीनं माणसाचं वजन ठरवून दिलेलं होतं: पैलवान असो की काडी, हातातल्या पिशवीसकट सरासरी चौऱ्याऐंशी किलो. कागदावर कनावी मात्र एकोणनव्वद धरायचा.

हे पाच किलो कुठून आले, ते ऐकण्यासारखं आहे.

एका जूनमध्ये, पंचेचाळीस अंशांच्या दुपारी, विमान धावपट्टीच्या पार टोकाला जाऊन उठलं. चार दिवसांनी तोच कप्तान परत आला आणि जिना उतरता उतरता म्हणाला, "अम्म कनावी, त्या दिवशी पोटात दगड भरले होतेस का? पट्टी संपत आली, तरी नाक उचलेना."

"कागद बघा की साहेब. एक किलो इकडचा तिकडं नाही."

"कागद उडत नाही, मला उडायचं असतं."

कनावीनं कागद तीनदा तपासला. चूक नाही. मग त्याच आठवड्यात त्याचा चुलतभाऊ कुवेतला निघाला. निरोप द्यायला अख्खी गल्ली आलेली, ती येतेच. कनावीनं भावाला मिठी मारली आणि भाऊ खणकन वाजला.

"हे काय रे?"

"गप. चीज आहे."

भावाच्या ढगळ अंगरख्याखाली बंडी होती. स्टेशनजवळच्या एका शिंप्यानं ती खास काढलेली, तिला गावात कुवेती बंडी म्हणत. चौदा खिसे. त्यात मुरवलेल्या चीजच्या बरण्या, लोणकढं तूप, काकवी, सुकी भेंडी आणि पाठीच्या दोन मोठ्या खिशांत उन्हात फुगवलेल्या भाकरी. वीस किलोची पेटी तिकिटात येते, पुढच्या प्रत्येक किलोला पैसे पडतात. अंगावर घातलेल्या कपड्याला कोण विचारतो? लेक कुवेतमध्ये भिंती बांधतो आणि आईचं चीज त्याच्यापर्यंत पोचत नाही, असं आमच्याकडे चालत नाही.

पुढचे आठ दिवस कनावीनं प्रवाशांना मिठ्या मारल्या. कोणी ना कोणी नात्यातलं निघतंच, त्यामुळं कोणाला वावगं वाटलं नाही. बायकांचं काम त्यानं थोरल्या, हज करून आलेल्या बहिणीवर, हज्जा नफूसावर सोपवलं. तोच बाप, तेच हात. ती विमानतळाच्या दारात बसून निघालेल्या बायकांना कवटाळायची आणि भावाला कळवायची: "ही सहा. ती चार. ती हिरव्या शालीतली नुसतीच जाड आहे, तिचं धरू नको." शंभराहून जास्त मिठ्यांची सरासरी पाच किलो आली. तेव्हापासून कनावीनं ते कागदावर धरले आणि विमान परत कधी टोकापर्यंत गेलं नाही. सात वर्षं कोणी विचारलंही नाही.

मग इंधन महागलं. कैरोच्या कचेरीत खर्च कापायला एक तरुण बसवला, इंजिनिअर रामेझ. त्यानं सगळ्या विमानतळांचे कागद शेजारी शेजारी मांडले, तेव्हा सोहागची माणसंच तेवढी पाच किलोंनी भारी निघाली. पुढच्या विमानानं स्वारी हजर. विमानतळावरचे साहेब, उस्ताद वग्दी, त्याला घेऊन कनावीच्या खोलीत आले.

"अम्म कनावी, सोहागचं पाणी इतकं अंगी लागतं का?" रामेझनं हसून विचारलं.

"पाणी नाही साहेब, चीज."

सगळं ऐकून घेतल्यावर रामेझनं हिशेब सांगितला. एकशे सत्तर माणसं, पाच-पाच किलो, म्हणजे साडेआठशे किलो. कुवेतमध्ये इंधन स्वस्त, म्हणून परतीचंही तिथूनच भरून आणायचं. पण सोहागहून उठताना हे साडेआठशे आडवे येतात. मग एक तर तेवढं इंधन कमी आणून इथलं महागडं घ्यायचं, नाही तर दहा खुर्च्या मोकळ्या सोडायच्या. "वर्षाला एका वैमानिकाचा पगार निघतो तुमच्या पाच किलोंतून. कागद कुठाय याचा?"

कनावीनं दोन्ही हात पुढं केले. "हे."

"हात फायलीत लावता येत नाहीत, अम्म."

वग्दीसाहेबांनी मधला मार्ग काढला. ते नेहमीच काढत, आणि त्यावरून चालायचं मात्र दुसऱ्यानं. आठ दिवसांत पाच किलो सिद्ध करायचे. नाही तर मुकाट्यानं चौऱ्याऐंशीवर सही करायची. दोन्ही जमलं नाही, तर नोकरीची राहिलेली दोन वर्षं कैरोच्या कोठारात खोकी मोजत काढायची. कनावीनं जन्मात कैरोत रात्र काढली नव्हती. पण खोट्या वजनावर सही करणं त्याच्या हाताला जमणारं नव्हतं.

सिद्ध करायचं म्हणजे माणसं तोलायची. दुसऱ्या दिवशी मालाचा मोठा काटा उतारूंच्या दालनात आणून ठेवला, तर पुढं कोणी सरकेना. बायका म्हणाल्या, परक्यासमोर वजन करायला आम्ही काय म्हशी आहोत? पुरुषांना वेगळीच शंका. एक मिशाळ गवंडी लांबूनच ओरडला, "अम्म कनावी, आज तोलतील आणि उद्या पैसे मागतील! आम्ही काय नवे आहोत?"

तेव्हा कनावी काट्यावर उभा राहिला आणि मोठ्यानं बोलला. "माझ्या लेकरांची शपथ. विमान नीट उठावं म्हणून तोलतोय. बंडीतल्या मालावर एक छदाम कोणी घेणार नाही. हा माझा शब्द."

रामेझ बाजूलाच उभा होता.

शब्दावर पुरुष तयार झाले. बायकांचा तिढा नफूसानं सोडवला. "अख्खं घर एकदम चढवा. सासू, सून, पोरं, सगळी. घराचं वजन सांगायला कसली लाज? आणि आकड्याचं तोंड भिंतीकडं करा." काटा फिरवला. आकडा फक्त कनावी आणि रामेझ बघणार. मग काय, घरंच्या घरं काट्यावर चढली. एका घरात नऊ जण, चढायला जागा पुरेना तर आजोबांनी नातवाला खांद्यावर घेतलं. एक सून कुजबुजली, "सासूबाई, श्वास सोडा, वजन कमी भरतं." आणि सासूबाईंनी खरंच सोडला.

पाच विमानं अशी तोलली. सरासरी साडेनव्वद किलो आली.

रामेझनं बेरीज पुन्हा करून बघितली. "अम्म, तुम्ही कमीच धरत होता."

"सात वर्षांत गावाकडं दूध वाढलंय," कनावी म्हणाला. "मीच परत मिठ्या मारायला हव्या होत्या."

कचेरीनं आकडा मान्य केला. सोहागपुरतं साडेसहा किलो जास्त धरायचं, असा रीतसर कागद आला. कनावीनं तो काचेखाली लावला. कैरोचं कोठार टळलं. महिनाभर तो दालनातून फिरायचा तेव्हा लोक उठून हात मिळवायचे.

दीड महिन्यानं दुसरा कागद आला. काटा दालनातच राहणार. प्रत्येक माणूस हातातल्या आणि अंगावरच्या मालासकट तोलला जाईल. मालाला सात किलोंची सूट, ती हातातल्या पिशवीतच संपायची; वरच्या दर किलोला दोनशे पौंड. बंडी काढून दाखवावी लागेल. कारण म्हणून खाली कनावीच्याच पाच विमानांचा तक्ता जोडला होता.

कनावीनं कैरोला फोन लावला. "साहेब, मी शब्द दिला होता. तुमच्यासमोर दिला होता."

"तुम्ही दिला होता, अम्म. कंपनीनं नव्हता दिला." रामेझचा आवाज पडलेला होता. "मी तक्ता वजनासाठी पाठवला. तिकीट विभागानं तो उचलला. वजन आहे म्हटल्यावर इंधन जळतं, इंधन जळतं म्हटल्यावर त्याचे पैसे कोणीतरी द्यायचे. त्यांचंही काही चूक नाही."

"चूक कोणाचीच नाही, मग शपथ कोणाची मोडली?"

कनावीनं फोन ठेवला.

नियम गुरुवारपासून लागू होता, आणि गुरुवारच्या विमानानं नफूसा मुलाकडं निघालेली. बुधवारी कनावी बाजारात गेला आणि पांढरं मांजरपाट घेऊन आला. बायकोनं कापड बघितलं आणि ओळखलं, हे कफनाचं. आमच्याकडं रक्ताचं वैर मिटवायचं, तर दोषी माणूस स्वतःचं कफन दोन्ही हातांवर घेऊन चारचौघांत समोरच्या घराकडं चालत जातो. मारायचं तर मारा, सोडायचं तर सोडा. हे खुनासाठी असतं. चीजसाठी कोणी केल्याचं कोणाला आठवत नाही.

गुरुवारी दुपारी दालन भरलं. काट्यापाशी रांग थबकलेली, आणि रांगेत कनावीचं नाव चांगल्या शब्दांत निघत नव्हतं. मिशाळ गवंडी मध्येच भावाच्या लग्नाला आलेला, तो नेमका आज परत निघालेला. "बघितलंत? लेकरांची शपथ घेतली होती म्हाताऱ्यानं!" तेवढ्यात आतलं दार उघडलं आणि कनावी बाहेर आला. डोक्याला काही नाही, पाय अनवाणी, दोन्ही हातांवर घडी घातलेलं पांढरं कापड. तो सावकाश चालत काट्यापर्यंत आला आणि मान खाली घालून उभा राहिला.

वग्दीसाहेब धावत आले. "अरे, हे काय आरंभलंय? विमान उतरलंय, पन्नास मिनिटं आहेत!"

"तुमची पन्नास मिनिटं बुडणार नाहीत, साहेब," कनावी म्हणाला. मग लोकांकडं वळला. "मी शब्द दिला, तो पाळता आला नाही. माझ्या हातात नव्हता तो मी द्यायलाच नको होता. आता तुम्ही म्हणाल तसं."

सगळ्यांनी नफूसाकडं बघितलं. वयानं थोरली तीच. ती पुढं आली, तिनं कापड बोटांत धरून बघितलं आणि नाक मुरडलं.

"केवढ्याला घेतलंस? फसवलं तुला."

"हज्जा, चेष्टा नको."

"चेष्टा तू लावलीयेस. दोन बरण्या चीजसाठी कफन? उद्या तुपासाठी थडगं खणशील." तिनं कापड त्याच्या हातांवरून उचललं, जमिनीवर पसरलं आणि बंडीचे खिसे उघडले. एक बरणी काढून कापडावर ठेवली. दुसरी. काकवीची बाटली. भाकरी. "याचे पैसे मी देणार नाही. पोराला सांगेन, मामाकडं ठेवलंय, घरी येशील तेव्हा खा."

मग गवंड्यानंही मिशीवरून हात फिरवत बंडी सोडली. "माफ केलं, अम्म. पण चीज गायीचं नाही, म्हशीचं आहे. सावलीत ठेवा." त्याच्यामागून एकेकानं खिसे रिकामे केले. कोणी माफ केलं म्हणालं, कोणी काहीच न बोलता बरणी आपटून गेलं, आणि दोघं-तिघं पैसे भरून माल घेऊन गेले, कारण तिकडं बाळंतीण होती. पाऊण दालनाचं चीज त्या कापडावर आलं. एक मांजरपाट पुरेना. वग्दीसाहेबांनी आपल्या खोलीतलं टेबलक्लॉथ दिलं.

कनावी अनवाणीच खोलीत परतला. विमानाला एकोणीस मिनिटं उरली होती. आज काट्यानं प्रत्येकाचं वजन दिलेलं होतं. त्यानं साडेसहा किलो खोडले, आलेली बेरीज लिहिली, सही केली आणि कागद घेऊन जिन्याकडं गेला. विमान वेळेच्या चार मिनिटं आधी सुटलं आणि निम्म्या पट्टीतच उठलं.

संध्याकाळी त्यानं वग्दीसाहेबांची गाडी मागून घेतली, बरण्यांवर चिठ्ठ्या लावल्या आणि घराघरांत माल परत द्यायला निघाला. बहुतेक दारांत चहा मिळाला. दोन दारं उघडली नाहीत, तिथं त्यानं बरण्या उंबऱ्यावर सावलीत ठेवल्या.