डोंबिवलीपर्यंतचं तिकीट

आमचे बाबा कल्याणच्या कचेरीत कारकून होते, आणि ठाण्याला जायचं झालं की सरळ तिकीट त्यांनी कधी काढलं नाही. आधी डोंबिवलीपर्यंतचं घ्यायचं, तिथे गाडी थांबली की खिडकीवर पळायचं आणि ठाण्यापर्यंतचं दुसरं घ्यायचं. ते कल्याणच्या खिडकीवर मिळत नसे. असे दोन तुकडे जोडले की भाडं थोडं कमी पडे. किती कमी, ते सांगायची मला लाज वाटते. बाबा मात्र परत गाडीत चढत ते जणू आगगाडीच विकत घेतल्याच्या ऐटीत.

माझ्या थोरल्या बहिणीला, अक्काला, ठाण्याला कोपरीत दिलं होतं. त्या वर्षी सणाला ती माहेरी आली ती मनगटावर तापल्या चिमट्याचा डाग घेऊन. डाग सासूने दिला आणि नवरा शेजारी बसून जेवत होता, एवढंच तिने आईला सांगितलं. आईने ते बाबांच्या कानावर घातलं. बाबांनी मग पंचांग पाहिलं आणि तिला सासरी पोचवायचा दिवस ठरवला. मला त्यांचा भयंकर राग आला. पण माझ्या रागाला विचारतो कोण? मला पाठराखीण म्हणून तिच्या सोबतीला जायचं होतं.

निघायच्या दिवशी आईने एकच धोशा लावला, की आज तरी सरळ तिकीट काढा. सासरी निघालेल्या मुलीचा प्रवास मधे मोडू नये, आणि तिने वाटेतून मागे तर फिरूच नये.

“मोडतोय कुठे?” बाबा म्हणाले. “कल्याण ते डोंबिवली हा एक प्रवास, तो तिथे संपतो. ठाण्याचा तिथून नवा सुरू होतो.”

अक्का गाठोडं बांधत होती.

डोंबिवली तेव्हा भातखाचरांतलं लहानसं खेडं होतं. गाडी थांबली तसे बाबा धोतराचा सोगा सावरत खिडकीकडे धावले. अक्काने गाठोडं काखेत मारलं, माझा हात धरला आणि खाली उतरली. मला वाटलं, हिला पाणी हवं असेल.

बाबा तिकिटं घेऊन आले आणि चढा, चढा म्हणून घाई करू लागले. अक्का हलली नाही.

“बाबा, माझा प्रवास इथे संपला. दुसरा मला सुरू करायचा नाही.”

गार्डाने शिटी दिली. बाबांनी तिचा हात धरला तो नेमका मनगटाशी. ती कळवळली. त्यांनी चटका बसल्यासारखा हात मागे घेतला, आणि तेवढ्यात गाडी सुटली.

आता काही आपली धडगत नाही, असं मला वाटलं. बाबांनी अक्काच्या काखेतलं गाठोडं काढून खाली ठेवलं. मग त्यांनी विचारलं, भूक लागली का? अक्काच्या सासरी न्यायच्या करंज्या आम्ही तिघांनी तिथेच बसून खाल्ल्या. वाया गेलेल्या तिकिटांचं बाबांनी नावही काढलं नाही. उठले, खिडकीवर गेले आणि कल्याणची तिकिटं घेऊन आले.

घरी पोचलो तेव्हा आई दारात आली आणि आम्हाला बघून तिथेच खिळली. निघालेली लेक वाटेतून परतली, एवढंच ती कसंबसं बोलली.

“वाटेतून नाही,” बाबा म्हणाले. “तिचं तिकीट डोंबिवलीपर्यंतचंच होतं. जाऊन आली.”

आई आत गेली, भाकरतुकडा घेऊन आली आणि तो तिने अक्कावरून ओवाळून टाकला.