कुलूप उघडल्यावर बोलणारा कम्प्युटर

हिंदी मुलखातलं आमचं शहर. तिथल्या सदर भागातल्या आमच्या ऑफिसात मराठी बोलणारे दोघंच, मी आणि माझा एक दोस्त. बाकी सगळा कारभार हिंदीत. त्यामुळे चारचौघांत काही लपवायचं झालं की आम्ही खुशाल मोठ्यानं मराठीत बोलायचो. माझ्या कम्प्युटरचा पासवर्डसुद्धा मी त्याला भर ऑफिसात असाच ओरडून सांगितला होता. दर रविवारी तो आमच्याकडे जेवायला यायचा. माझी मुलगी त्याला मामा म्हणायची. अशा माणसापासून काय लपवायचं?

त्या वर्षी कम्प्युटरच्या कामासाठी एक जागा पक्की होणार होती. आम्ही दोघंही तात्पुरते. ती मिळावी म्हणून मी एक स्क्रीन सेव्हर लिहिला. कोणी जेवायला उठलं की पडद्यावर मासे पोहू लागत आणि मशीनला कुलूप लागे. त्यात नवल काही नव्हतं. गंमत परत आल्यावर होती. पासवर्ड टाकला की इंटरनेट आपोआप जोडलं जाई, दिवसाच्या ऑर्डरी उघडत, आणि माझी मुलगी बोले, "डबा संपवला का? आता पाणी प्या!" तिचा आवाज मी घरीच भरून घेतला होता. पण कुलूप उघडलं की स्क्रीन सेव्हर बंद पडतो. मग पुढची कामं करणार कोण? यावर मी किती डोकं फोडलं! शेवटी तोड निघाली. स्क्रीन सेव्हर सुरू होतानाच एक छोटा प्रोग्राम मागे राखणीला बसवायचा.

इंदूरहून मोठे साहेब आले तेव्हा मी माझं मशीन पुसूनबिसून तयार ठेवलं होतं. साहेब आधी त्याच्या टेबलाशी थांबले. तिथे मासे पोहत होते. माझेच मासे, माझ्या मशीनवरून उचललेले. त्यानं पासवर्ड टाकला आणि माझी मुलगी बोलली.

"सर, मैंने बनाया है," तो म्हणाला. "आवाज़ मेरी भांजी की है."

भांजी, म्हणजे भाची! तेवढं एक खोटं नव्हतं, आणि तेच मला जास्त झोंबलं.

साहेबांनी विचारलं, स्क्रीन सेव्हर बंद झाल्यावर हे सगळं चालवतं कोण? तो गडबडला. मग माझ्याकडे वळून अगदी रोजच्या आवाजात म्हणाला, "काहून चालू राहते बे हे? सांग ना लवकर."

आणि मी सांगितलं. त्यानं मराठीत विचारलं की उत्तर द्यायचं, ही जिभेची सवयच झाली होती. त्यानं तेच हिंदीत साहेबांना ऐकवलं. मग कुठे मला कंठ फुटला. "सर, ये प्रोग्राम मेरा है."

साहेब हसले. "हाँ भई, देखा हमने. आपने भी मदद की है."

जागा त्याला मिळाली.

रविवारी तो खोव्याची जिलबी घेऊन हजर, जसं काही झालंच नाही! संताप असा आला की दारातूनच हाकलावा. तेवढ्यात मुलगी धावत गेली. "मामा, सायबांसमोर माझा आवाज वाजला का? बाबांची नोकरी पक्की झाली?"

तो पुडा हातात धरून उभा राहिला. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाला, "सांग ना काहीतरी."

या वेळी मी तोंड उघडलं नाही.