पुठ्ठे फाडणारी बाई

घरातली बहुतेक पुस्तके मी उघडलीही नव्हती. पण 'सगळी लागतात' असे पत्नीला वर्षानुवर्षे खोटेच सांगत आलो. तिची शिवणाची खोलीही त्या पुस्तकांनी गिळली होती.

अखेर इंदिरानगरच्या आमच्या घरी रद्दीवाली आली. पदर खोचून ती फरशीवर बसली आणि बांधणीचा दोरा दातांनी तोडत जाड पुठ्ठे ओरबाडू लागली, कारण पुठ्ठा आणि कागद वेगवेगळे विकले जातात. पुठ्ठ्यागणिक माझा संताप वाढत गेला. शेवटी मी ओरडलो, "पुस्तक आहे ते! जरा लाज वाटू द्या!"

हातातले पुस्तक तिने दाणकन आपटले. "मला कशाला लाज? ताई मघापासून भिंतीला टेकून उभ्या हायेत. घरात एक खुर्ची रिकामी नाय. त्याच्यावर कधी असा आवाज चढला का तुमचा?"

पत्नीने माझ्याकडे पाहिलेही नाही. माझा राग आता त्या बाईवर उरला नव्हता. खुर्चीवरचा गठ्ठा मी तिच्यापुढे ठेवला आणि तिच्यादेखत पत्नीला म्हणालो, "तू बस. तुझ्याच घरात मी तुला उभं ठेवलं. माझं चुकलं."