छातीवरचा पेपर

ताज्या पेपरचा वास आला की मला मेलबर्नजवळच्या डँडेनॉन्गच्या डोंगरातला तो धुक्यातला उतार आठवतो. शेजारचे इटालियन आजोबा तरुणपणी व्यावसायिक सायकलपटू होते. आम्ही दोघं सायकलवरून माथ्यावर पोचल्यावर त्यांनी रेसिंगमधल्या जुन्या सवयीने माझ्या जर्सीत पेपर सरकवला. उतारावर छातीला वारा लागू नये म्हणून. रस्ता ओला होता. "तुम्ही पुढे व्हा, मी मागोमाग येतो," मी म्हणालो. ते हललेच नाहीत. ब्रेकवरची त्यांची बोटं पांढरी पडली होती. "अशाच उतारावर पडलो आणि रेसिंग सुटलं," ते हळूच म्हणाले. "त्यानंतर फक्त सपाटीवर चालवली. आज तुझ्या भरवशावर वर आलोय, मेट." आणि मी त्यांच्या! शेवटी मीच पुढे झालो, मागून येणारा त्यांच्या ब्रेकचा आवाज ऐकत. आता मागे कोणी नसतं, तरी उतारावर माझे कान मागे त्यांच्या ब्रेकचा आवाज शोधतात.