पासिंगचे टायर

शालन आत्या गेल्याचं मला घरच्या ग्रुपवर कळलं. तिचं घर आमच्यापासून चाळीस पावलांवर, आणि बातमी आली ठाण्याच्या चुलतभावाकडून, एका पांढऱ्या कमळाच्या चित्राखाली. बाबा सकाळीच तिच्याकडे गेले होते. त्यांनी बाहेरगावचे सगळे फोन केले, मला सांगायचं तेवढं राहून गेलं. माझ्या बाबतीत असं होतं. मी घरात असले तरी फारशी नसतेच... पुढे जलदान विधीच्या दिवशी वाडीच्या समाजमंदिरात सात जण तिच्याविषयी बोलले आणि सातही जणांनी तिला ‘प्रेमळ’ म्हटलं. एकाने तर ‘प्रेमळ आणि मृदुभाषी’ म्हटलं. मी मागे खांबाला टेकून बसले होते. ती जिवंत असताना यांच्यातले चौघे तिला रस्त्यात पाहून वाट बदलायचे, हे मी माझ्या खिडकीतून पाहिलेलं आहे.

माझी आत्या प्रेमळ नव्हती. जिल्हा परिषदेच्या शाळेत तिने तीस वर्षं विज्ञान शिकवलं, लग्न केलं नाही, आणि भेटलेल्या बहुतेक माणसांविषयी तिचं मत वाईट होतं. ते ती लपवत नसे. भाषणं ठोकणाऱ्या एका पुढाऱ्याला ती तोंडावर ‘कोरी वही’ म्हणाली होती. मी अलिबागच्या इंग्रजी शाळेत शिकले, म्हणून मला विचारायची, “तुमच्या शाळेत बोललं की दंड होता का गो?” होता. मराठीत बोललं की होता. पण तेही मी तिला कधी सांगितलं नाही.

तिच्याकडे एक छोटी पांढरी गाडी होती. निवृत्तीच्या पाच वर्षं आधी घेतलेली, आमच्या वाडीतली पहिली चारचाकी. ती आली तेव्हा मुरुडच्या बाजारात लोक हसले होते म्हणे, मास्तरीण आता समुद्रात घालणार गाडी. आत्याने ती समुद्रात घातली नाही, पंधरा वर्षं चालवली. कुठे जायची? विशेष कुठेच नाही. डोळ्यांच्या डॉक्टरकडे, पालीला एका मैत्रिणीकडे, कधी नुसतीच काशीदच्या चढापर्यंत आणि परत. पण मनात आलं की निघायची, आणि निघताना कुणाला विचारायची नाही. पंधरा वर्षं पूर्ण झाली, तशी गाडी पासिंगला न्यावी लागली. पास झाली तर आणखी पाच वर्षं रस्त्यावर, नाहीतर भंगारात.

झाली नाही. आरटीओचं मैदान आमच्यापासून दोन तासांवर. तिथून ती एक कागद घेऊन आली. हँडब्रेक चढावर धरत नाही, दिव्यांच्या काचा पिवळ्या, धूर जास्त, ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा गंजून भोक पडलेलं, टायर झिजलेले. संध्याकाळी तिच्या ओटीवर पुरुष जमले. एरवी तिच्याकडे पाणीही न पिणारे लोक गाडी नापास झाल्यावर कसे धावत आले, ते बघण्यासारखं होतं. प्रत्येकाच्या चेहऱ्यावर सांत्वन होतं आणि सांत्वनाखाली समाधान. कुणी म्हणालं एजंट गाठा, कुणी म्हणालं विकून टाका. बाबा म्हणाले, “ताई, आता पुरे झालं. कुठे जायचं ते सांगत जा, मी नेत जाईन.”

“सांगायचं,” आत्या म्हणाली. “आणि तू विचारणार, कशाला जायचंय?”

बाबांनी तसं विचारलं असतंच. माझे बाबा वाईट नाहीत, पण बहिणीला नेऊन सोडणं आणि बहिणीने स्वतः जाणं यातला फरक त्यांना आजही कळलेला नाही. आत्याला एवढंच हवं होतं की, कुठे जायचं ते कुणाला सांगावं लागू नये. अडुसष्टाव्या वर्षी तेवढ्या एका गोष्टीसाठी तिने ती गाडी दुरुस्त करायला घेतली. स्वस्तात, आणि मला हाताशी धरून. मला कारण तिने सांगितलं, “तू बडबड करत नाहीस. कामाला बरी.”

मुरुडला इक्बालचाचा खिडक्यांच्या जाळ्या आणि होड्यांची लोखंडी कामं करतात. त्यांनी गाडीखाली वाकून पाहिलं आणि बोटाने पत्रा दाबला. बोट आरपार गेलं. “बाई, हा पत्रा न्हाय, पापड हाय.” नवा पत्रा आणू का, असं त्यांनी विचारलं. आत्या घरी गेली, तिच्या लोखंडी कपाटाचा मधला कप्पा उपसून घेऊन आली. चाचांनी तो कापून, वाकवून जोडला. त्यामुळे गाडीच्या तळाला पोपटी रंगाचा एक चौकोन आला, आणि आत्याच्या साड्या उरलेल्या दोन कप्प्यांत कोंबल्या गेल्या. दिव्यांच्या काचा मी टूथपेस्टने घासल्या, तीन दुपारी. हँडब्रेकची केबल आम्ही उरणच्या बाजूला एका भंगारवाल्याकडून एसटीने जाऊन आणली. परतीच्या वाटेवर ती केबल आत्याच्या मांडीवर होती, आणि शेजारच्या बाईने विचारलं, “काय वो, शेवया?” आत्या म्हणाली, “व्हय, नातवाला.” मी हसले. ती माझ्याकडे पाहून म्हणाली, “दात आहेत म्हणजे तुला.” हवेचा फिल्टर, प्लग, कार्बोरेटर... हे सगळे शब्द मी त्या महिन्यात शिकले.

टायर मात्र ती बदलेना. “अजून दोन पावसाळे जातील,” म्हणायची. टायरवरच्या रेषा पुसत आल्या होत्या, हे मला दिसत होतं. ते इतरांनाही दिसत होतं. पण आत्याला तिची चूक दाखवायची कुणी?

इथे आमच्याकडची एक पद्धत सांगायला हवी. समाजमंदिरातल्या सभेत ती कुणी सांगितली नाही. आमच्या भागात चार टायरांचा एक संच आहे. चांगले, खोल रेषांचे, जवळजवळ नवे. ते कुठल्याच गाडीला कायमचे नसतात. नंदू नावाचा माणूस ते त्याच्या पडवीत ठेवतो. ज्याची गाडी पासिंगला जायची असेल, तो आदल्या दिवशी ते लावतो, पास करून आणतो आणि दुसऱ्या दिवशी काढून परत देतो. मग गाडी पुन्हा आपल्या गुळगुळीत चाकांवर. छोट्या गाड्यांना आणि व्हॅनला एकाच मापाचे टायर चालतात, त्यामुळे सगळ्यांची सोय होते. याला कुणी फसवणूक म्हणत नाही. याला शेजारधर्म म्हणतात. लग्नात भांडी उसनी आणतात तसे टायर उसने आणायचे, आणि परत करताना नंदूला एक नारळ द्यायचा! नंदू स्वतः शाळेची व्हॅन चालवतो. कधीकाळी आत्याचाच विद्यार्थी.

पासिंगच्या आदल्या दुपारी आत्या महिला मंडळाच्या बैठकीला गेली होती. मी खिडकीपाशी काम करत होते. बाबा आणि नंदू हातगाडीवरून ते टायर घेऊन आले. जॅक लावला, अर्ध्या तासात चारही बदलले आणि आत्याचे जुने टायर आमच्या घरामागे झाकून ठेवले. बाबांनी वर पाहिलं. मी खिडकीत होते. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. खरं तर गरज नव्हती. माझ्याइतका विश्वासाचा साक्षीदार त्यांना जिल्ह्यात सापडला नसता.

सकाळी आम्ही निघालो तेव्हा उजाडायचं होतं. आत्या खूश होती. वळणावर म्हणाली, “बघ, केबल नीट बसवली की गाडी कशी रस्ता धरते.” मी हो म्हटलं. केबलचा त्याच्याशी काही संबंध नाही, हे मला माहीत होतं. पुढचे दोन तास ती तिच्या हातच्या कामाचं कौतुक करत राहिली, आणि मी शेजारी बसून ते ऐकत राहिले. सभेतल्या त्या सात जणांविषयी मी जे लिहिलं, ते लिहिताना हे दोन तास मी विसरलेले नाही.

मैदानावर निरीक्षकांनी हँडब्रेक पाहिला, ठीक. दिवे ठीक. धूर ठीक. खाली वाकून पोपटी पत्रा पाहिला आणि “छान केलंय,” म्हणाले. मग ते मागच्या चाकापाशी उकिडवे बसले आणि बसूनच राहिले. टायरच्या कडेला निळ्या रंगाचा ओघळ होता, होड्यांना लावतात तसला.

“मॅडम, तुम्ही काय करता?”

“शिक्षिका होते.”

“मग या टायरांचं नाव हजेरीपटावर घ्या. या दोन महिन्यांत चौथ्यांदा आलेत माझ्याकडे. दोन वेगळ्या व्हॅनला, एकदा लाल गाडीला.”

आत्या खाली वाकली. तिने निळा ओघळ पाहिला, मग दुसरं चाक, मग तिसरं. चौथं पाहिलंच नाही. “हे माझे नाहीत,” ती म्हणाली.

“तेच म्हणतोय मी.”

मागच्या रांगेतले ड्रायव्हर हसले. तीस वर्षं मुलांच्या कंपासपेटीतून चिठ्ठ्या काढणारी बाई, तिथे कॉपी करताना पकडली गेली. तिने बाजू मांडली नाही, बाबांचं नाव घेतलं नाही. नापासाचा कागद घडी करून पर्समध्ये ठेवला आणि गाडीत येऊन बसली. रेवदंड्याच्या पुलावर तिने गाडी हळू केली. मग म्हणाली, “तुला माहीत होतं.”

“हो.”

“तुझ्या बापाचं मी समजू शकते. तो लहानपणापासून घाबरट. नंदूचा तर तो धंदाच. पण तू बघितलंस, आणि सकाळपासून माझी केबलची बडबड ऐकत बसलीस.”

“मला वाटलं, पास होशील.”

“मी नाही गो. टायर पास झाले असते.” मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाली, “माझे झिजलेत, हे मला दिसत होतं...” तिने कुणापुढे चूक कबूल केलेली मी ऐकलेली ती एकमेव वेळ.

घरी येऊन तिने नंदूचे टायर त्याच्या दारात टाकले. नारळ दिला नाही. अलिबागहून चार नवे आणले, त्या सगळ्या स्वस्तातल्या दुरुस्तीत तेवढीच एक महागाची गोष्ट. तिसऱ्या खेपेला गाडी मी चालवत नेली. लायसन्स दोन वर्षं नुसतं कपाटात पडलं होतं. आत्या म्हणाली, “तोंड चालत नाही, निदान हातपाय चालव.” पाच वर्षांचं पासिंग मिळालं. त्यातले पाच महिने आत्याने वापरले. एका सकाळी चहा गाळताना ती स्वयंपाकघरात पडली, आणि गाडीला अजून साडेचार वर्षं उरली होती.

विधीला तीन आठवडे झाले असतील. नंदू आमच्याकडे आला. समाजमंदिरात तो तिसरा बोलला होता, ‘बाईंनी मला घडवलं’ म्हणून. खुर्चीवर बसला, चहा घेतला, बाईंच्या आठवणीने डोळे पुसले. मग म्हणाला, “व्हॅनचं पासिंग आलंय, काका. आपले निळेवाले आता साहेब ओळखतो. बाईंचे चार नवेच आहेत, उभेच आहेत. दोन दिवस दिलेत तर...”

बाबांनी माझ्याकडे पाहिलं, कारण गाडीची चावी माझ्याकडे होती.

“नाही,” मी म्हटलं.

“दोनच दिवस गो बाय. बाईंनी न्हाय म्हटलं नसतं.”

“त्या व्हॅनमध्ये मुलं बसतात,” मी म्हटलं. आवाज नीट निघाला नाही, पण निघाला. नंदू हसला, बाबांकडे बघून म्हणाला, “शिकलेली आहे,” आणि उठून गेला. तो गेल्यावर बाबा म्हणाले, “शेजारी आहे आपला.” दुसऱ्याच कुणीतरी त्याला टायर दिले. व्हॅन पास झाली. या सोमवारी सकाळी ती आमच्या दारावरून गेली, मागच्या काचेला मुलांची दप्तरं टेकलेली, आणि चाकं माझ्या तळहातासारखी गुळगुळीत. शाळेच्या मुख्याध्यापकांना मी पत्र लिहिलं आहे, सही करून. उत्तर आलेलं नाही. वाडीत मात्र सगळ्यांना कळलं आहे, आणि आता मला रस्त्यात पाहूनही वाट बदलणारे दोघे-तिघे झाले आहेत.

बाबा म्हणतात, गाडी उभी ठेव, जपून राहील. मी ती रोज काढते. काम संपलं की काशीदच्या चढापर्यंत जाते आणि परत येते, कुठे गेले होते ते सांगत नाही. कारण उभ्या गाडीचे नवे टायर पाहून उद्या पुन्हा कुणीतरी डोळे पुसत येईल. ते झिजले पाहिजेत. रेषा पुसत आल्या की मी दुसरे घेईन, आणि तेही झिजवीन.